दुसऱ्याचे चित्र पाहताना



व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा अशी होती, की आम्ही कंधारच्या किल्ल्यावर बोलावे. ती स्वाभाविकच होती. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा शिलालेख ज्या गावात सापडला आणि जगत्तुंग सागरासारखा तलाव ज्या गावाला लाभला, तेथील माणसांनी किल्ल्यावर बोलू नये तर कशावर बोलावे? परंतु त्या विषयाचे अधिकारी पुरुष निराळे आहेत. आम्ही त्या किल्ल्याचे फोटो काढणारी माणसे, आणि तेही पोटासाठी काढणारी नव्हे, हौशी. किल्ला शेकडो वर्षे उभा आहे, त्याला आमच्या व्याख्यानाची घाई नाही, असे चालकांना पटवून आम्ही आज एक लहानसा विषय मागून घेतला आहे. एकाने हौसेने फुलाचा किंवा देखाव्याचा फोटो काढला, तर तो दुसऱ्याने पाहावा कसा आणि पाहून झाल्यावर बोलावे काय, एवढाच तो विषय.

विषय किरकोळ वाटेल. आम्हांलाही तसाच वाटत होता. परंतु आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. माघ-फाल्गुनात पळस फुलला की माळावर माणसे थांबतात, वैशाखात बहावा पिवळा झाला की थांबतात. पावसाळ्यात मन्याडला पाणी आले की पुलावर गर्दी होते ती पाणी पाहणाऱ्यांपेक्षा फोटो काढणाऱ्यांचीच. काढणारे एवढे वाढले, परंतु नीट पाहून चार शब्द सांगणारे वाढले नाहीत. फोटो दाखविणारा आशेने पाहत असतो, पाहणारा 'छान' म्हणतो आणि दोघेही रिकाम्या हातांनी परततात.

आमची मंडळी दहा-बारा जणांची. दोन शिक्षक, एक कंपाउंडर, एक बँकेतील गृहस्थ, एक कापडवाले, एक-दोन शेतकरी, महाविद्यालयातील काही मुले-मुली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका मित्राच्या माडीवर आम्ही जमतो. फोटो कागदावर छापून आणायचा हा नियम. माडीवर सुतळी बांधलेली असते, तिला कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी फोटो लावावयाचे, समोर सतरंजीवर बसावयाचे आणि पाहावयाचे. चहा आळीपाळीने. मंडळाला नाव नाही, घटना नाही, अध्यक्षही नाही; त्यामुळेच कदाचित ते इतकी वर्षे टिकले असावे.

पहिले वर्ष आम्ही केवळ वाहवा करण्यात घालविले. 'छान', 'फारच छान', 'एक नंबर', 'क्या बात है'! यात लबाडी नव्हती, भीड होती. गाव लहान. ज्यांच्या गुलाबाला आज आपण फिका म्हणणार, त्यांच्याच दुकानी उद्या उधारीची वही उघडावयाची असते. शिवाय आपला फोटोही त्याच सुतळीवर टांगलेला असतो! अशा वाहवाच्या भरात आम्ही बारा निवडक फोटो एका स्पर्धेला पाठविले. बाराही परत आले. सोबत एक ओळ नव्हती. स्पर्धेचा हा स्वभावच असतो. तेथे परीक्षक गुण देतात, कारण देत नाहीत. एका दिवसात शेकडो चित्रे पाहावयाची असल्यावर देणार तरी कशी?

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. कोणी पुस्तके आणली. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग पाडावेत, मुख्य वस्तू त्या रेघांवर ठेवावी, असा एक नियम त्यांत सापडला. नियम वाईट नाही; परंतु नव्या पहिलवानाला एकच डाव यावा आणि त्याने तो दिसेल त्याच्यावर टाकावा, तसे आमचे झाले. त्या दिवसांत आमच्या माडीवर 'क्षितिज वाकडे आहे' आणि 'फूल मधोमध आले' या दोन वाक्यांखेरीज तिसरे वाक्य ऐकू येत नसे.

त्याच काळातील एक गोष्ट सांगणे आम्हांला भाग आहे. ती सांगितल्याशिवाय आजच्या विषयाला हात घालण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आमच्यात एक वयस्क गृहस्थ येत. नोकरीतून निवृत्त झालेले, बोलणे कमी. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. एका रविवारी काकांनी जास्वंदीचा फोटो आणला. तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेले झाड, त्यावर एकच फूल, तेही सायंकाळचे, मिटत आलेले. मागे घराची भिंत. तिचा चुना पोपडे येऊन सुटलेला आणि एका कोपऱ्यात कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा. आम्ही त्या फोटोवर तुटून पडलो. एकजण म्हणाले, "काका, जास्वंदीचे फूल एका दिवसाचे. फोटो सकाळी काढायचा." दुसरे म्हणाले, "मागे निळे कापड धरायचे होते." तिसरे वाक्य आमचेच होते, म्हणून सांगताना आजही संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, "त्या रेघा तेवढ्या पुसून घेतल्या असत्या, तर चित्र स्वच्छ झाले असते." काका "बरं" म्हणाले. फोटो पाकिटात घातला, चहा घेतला आणि गेले. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला जाण्याचा योग आला. घराला नवा रंग दिलेला होता. फक्त दाराशेजारची हातभर जागा रंगाऱ्याने तशीच सोडली होती आणि तीत त्या रेघा होत्या. काकू दुधाचा हिशेब भिंतीवर ठेवीत. रोजच्या दुधाची एक रेघ. त्या गेल्या त्या महिन्याचा हिशेब अर्धाच राहिला होता. जास्वंदही त्यांच्याच हातची. हे काकांनी सांगितले नाही. त्यांच्या सूनबाईंनी ताटल्या उचलता उचलता हळू आवाजात सांगितले.

यावरून कोणी म्हणेल, की हौशी माणसाच्या चित्राला नाव ठेवूच नये. आम्हांला तसे वाटत नाही. घरी परतताना तो फोटो डोळ्यांपुढे आणला, तेव्हा ध्यानात आले, की त्यात दोष होताच. रेघा कोपऱ्यात पडल्या होत्या, धूसर होत्या, निम्म्या चौकटीबाहेर गेल्या होत्या. काकांचे मन रेघांवर होते आणि भिंग फुलावर. पाऊलभर बाजूला सरकून आणि भिंगाचे छिद्र लहान करून फोटो घेतला असता, तर फूल आणि भिंत दोन्ही स्पष्ट आली असती. हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे होते. आम्ही दहा माणसे समोर बसलो होतो आणि हे कोणीच सांगितले नाही, कारण "काका, तुम्ही तिथे थांबलात ते काय पाहून?" हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न आम्ही तेव्हापासून सर्वांत आधी विचारतो. फोटो काढणाऱ्याने एका वाक्यात सांगावयाचे, की आपण कशासाठी थांबलो. मग त्याने गप्प बसावयाचे आणि इतरांनी बोलावयाचे. गुणदोष जे काही असतील ते त्या एका वाक्याच्या कसाला लावून सांगावयाचे. "मी रंगासाठी थांबलो," असे कोणी म्हणाला, तर आकाराची चिकित्सा त्याच्यापुढे करण्यात अर्थ नाही. "मला वारा दिसला म्हणून थांबलो," असे एक शेतकरी मित्र करडईच्या शेताविषयी म्हणाले होते. त्यांचा फोटो हललेला होता. एरवी आम्ही तो बाजूलाच ठेवला असता. त्यांचे वाक्य ऐकल्यावर आम्ही उलट म्हणालो, की हा पुरेसा हललेला नाही! बांधावरची बाभूळ स्थिर आणि पीक वाहते असे दिसावयास हवे. कॅमेरा एखाद्या दगडावर टेकवा आणि झडप अधिक वेळ उघडी ठेवा.

ही रीत आमच्या मुलखाला नवीन आहे असे मात्र नाही. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि उर्दू कवितेतील 'इस्लाह' हा शब्द आमच्याकडील जुन्या माणसांच्या ओळखीचा आहे. शिष्याने गझल लिहावी, उस्तादाने ती तपासून द्यावी, याला इस्लाह म्हणत. सहावे निजाम मीर महबूब अली खाँ यांचे काव्यगुरू दाग देहलवी हैदराबादेत राहून दूरदूरच्या शिष्यांच्या गझला टपालाने मागवीत आणि दुरुस्त करून परत धाडीत. तरुण वयात इक्बाल यांनीही पंजाबातून आपल्या गझला त्यांच्याकडे पाठविल्या होत्या. काही काळाने दाग यांनीच कळविले, की आता यांत दुरुस्तीला फारसा वाव उरलेला नाही. चांगला उस्ताद शिष्याच्या शेरात आपला विचार घालीत नसे. शिष्याला जे म्हणावयाचे आहे तेच नीट उमटावे म्हणून तो एखादा शब्द हलवी. फोटोच्या बाबतीतही आम्ही याहून अधिक काही करू नये. दाग १९०५ मध्ये वारले. त्याच निजामांचे नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ हेही त्याच वर्षी गेले, हा एक योगायोग.

एकत्र बसून फोटो पाहण्याची चालही आपल्याकडे बरीच जुनी. फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली. लंडनला छायाचित्रकारांची सभा निघाली १८५३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत तशी सभा स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. पुढे मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली आणि १९५३ मध्ये देशभरच्या अशा मंडळांचा एक महासंघ झाला. आमची सुतळी आणि चिमटे त्याच कुळातले, असे आम्ही आपले मानतो.

प्रश्न विचारून झाला की दुसरी गोष्ट येते ती माहितीची. फुलाच्या फोटोवर बोलणाऱ्याला फूल माहीत हवे. आमच्या एका मित्राने शहरातील एका जाणकारांना कापसाच्या फुलांचे दोन फोटो दाखविले. एकातील फूल पांढुरके-पिवळसर, दुसऱ्यातील गुलाबी; झाड तेच. जाणकार म्हणाले, "रंग संगणकावर बदललेला दिसतो. असा खोटेपणा करू नये." आमचे मित्र शेतकरी. ते एवढेच म्हणाले, "साहेब, कापसाचं फूल पहिल्या दिवशी असं असतं अन् दुसऱ्या दिवशी असं." गृहस्थ चांगले होते, त्यांनी लगेच कबूल केले. परंतु मित्राच्या जागी एखादा शाळकरी मुलगा असता, तर तो खोटा ठरून घरी गेला असता.

पळसाविषयी तर आमच्या माडीवर दर वर्षी वाद होतो. डोळ्यांना पाकळीची प्रत्येक घडी दिसते आणि फोटोत मात्र शेंदराचा एक लपका येतो. यात फोटो काढणाऱ्याचा हात नेहमीच चुकलेला असतो असे नाही. कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश निरनिराळा मोजला जातो. भर उन्हातील पळसात लाल रंगाचे माप काठोकाठ भरते आणि सांडते. मग उजळ लाल व गडद लाल यांतील भेद उरत नाही. अशा वेळी "रंग भडक झाला" असे म्हणून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "सकाळी लवकर जा, कॅमेऱ्याला प्रकाश थोडा कमी घेऊ दे, किंवा फुलाच्या खालच्या बाजूने, पाकळीतून ऊन आरपार येईल असे पाहा," असे सांगितले तर पुढच्या फाल्गुनात त्याचा उपयोग होतो. फिल्मच्या काळात फोटो काढलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद सांगतात, की फार जुन्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर पळस काळा येई. पुढे सर्व रंग ओळखणारी फिल्म आली, तेव्हा लाल फूल आणि हिरवे पान एकाच राखी छटेचे दिसू लागले. मग भिंगापुढे लाल काच लावावी लागे. तिने आकाश गडद होई आणि फूल उजळून निघे. नव्या मुलांना हे ऐकताना मौज वाटते, आणि आपला लपका म्हणजे काही आपलेच एकट्याचे पाप नाही हेही त्यांना कळते.

फुलांच्या बाबतीत आम्ही आणखी एक विचारतो: फोटो मिळाला कसा? फूल तोडून दुसऱ्या झाडावर ठेवले होते काय? पाण्याचा फवारा मारून दव केले असेल, तर त्यात कोणाचे नुकसान नाही, फक्त ते दव म्हणून सांगू नये. परंतु एका फुलाजवळ पोहोचण्यासाठी चार रोपे तुडविली असतील, तर ते चित्र कितीही सुरेख असो, आम्ही तसे स्पष्ट सांगतो. साताऱ्याजवळच्या कास पठाराचे नाव २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे फुलांच्या हंगामात लोटणाऱ्या गर्दीच्या पायांपासून फुलांना जपण्याची वेळ आली, आणि त्या गर्दीत आमच्यासारखे हौशी काही थोडे नसतात.

देखाव्याकडे वळू. 'क्षितिज वाकडे' हे आमचे जुने लाडके वाक्य अजून पुरते सुटलेले नाही. पाण्याची कड तिरकी आली तर दोष निःसंशय फोटोचा, कारण तलाव कलत नाही. परंतु बालाघाटाच्या माळावर जमीनच उतरती आहे. तेथे क्षितिजाकडे पाहून निकाल देण्यापूर्वी विजेचा खांब उभा आहे की नाही ते पाहावे. एका मुलाचा फोटो आम्ही दोनदा वाकडा ठरविला. तिसऱ्या वेळी त्याने आम्हांला त्या माळावर नेऊन उभे केले. हे खरे उत्तर!

आणि प्रतिबिंबे. कंधारात राहून किल्ल्याच्या तटाचे खंदकातील प्रतिबिंब न काढणारा माणूस आम्ही पाहिलेला नाही. आमच्या एका सभासदांनी असाच एक फोटो संगणकावर सजवून आणला. पाणी चकाकत होते, सारे जण खूष. एका मुलीने विचारले, "सर, पाण्यातला तट वरच्या तटाहून उजळ कसा?" प्रश्न मोठा नेमका होता. पाण्यावर पडलेला सगळा प्रकाश परत येत नाही, काही पाण्यात शिरतो. म्हणून उन्हातील भिंतीचे प्रतिबिंब भिंतीहून मंदच दिसावयाचे. डोळ्याला हे ठाऊक असते. फोटोत काही तरी खुपते, कारण सांगता येत नाही, ते पुष्कळदा असे असते.

याच मुलीने आम्हांला आमचे एक पाप दाखविले. ती एकदा सरळ म्हणाली, "सर, माझ्या फोटोला तुम्ही नुसतं छान म्हणता. त्यांच्या फोटोवर मात्र अर्धा तास बोलता. माझ्या फोटोत बोलण्यासारखं काहीच नसतं का?" आम्ही वरमलो. मुलगी आहे, लहान आहे, दुखावू नये, असा आमचा समज. पण तिला तो गोड शब्दांत लावलेला दरवाजा वाटत होता, आणि तिचे बरोबर होते. त्या दिवशी तिच्या बहाव्याच्या फोटोवर आम्ही पाऊण तास बोललो. त्यातील निम्मे तिने खोडून काढले.

बोलण्याच्या रीतीविषयी फार सांगत नाही. "तुम्हांला जमले नाही," यापेक्षा "आमची नजर सारखी या कोपऱ्यातील पांढऱ्या पिशवीकडे जाते," हे म्हणणे खरेही असते आणि ऐकणाऱ्याला उपयोगाचेही. "कॅमेरा कोणता?" हा प्रश्न पहिला कधीच विचारू नये. फोटो चांगला असेल तर श्रेय यंत्राला जाते, वाईट असेल तर माणसाची परिस्थिती निघते. आणि जेथे शब्द थकतात तेथे आम्ही पुठ्ठे काढतो. नव्या शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे काटकोनात कापलेले दोन तुकडे, एवढेच ते साधन. ते फोटोवर ठेवून मागेपुढे सरकविले, की चौकट लहानमोठी होते. फोटोवाला स्वतःच म्हणतो, "थांबा, एवढेच पुरे." एकदा या पुठ्ठ्यांनी आम्ही एका माळरानाच्या फोटोतील शेळी बाहेर काढली आणि सगळे एकदम ओरडले, की शेळी परत आणा! ती होती म्हणूनच माळ केवढा आहे ते कळत होते. असे कळणे व्याख्यानाने होत नाही, हे आम्ही व्याख्यान देता देता कबूल करतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. फोटो सर्व बाजूंनी निर्दोष असतो, सूर्यास्ताच्या वेळचा किल्ला, रंग सुरेख, क्षितिज सरळ. आणि तरी तो आम्ही सर्वांनी याच जागी उभे राहून आधी काढलेला असतो. अशा वेळी काय बोलावे? आमच्यातील काहींच्या मते काही बोलू नये, पहिल्यांदा काढणाऱ्याला तो नवाच असतो. आम्ही स्वतः बहुधा मागील वर्षीचा आमचा फोटो त्याशेजारी लावतो आणि गप्प राहतो. हे बरोबर की क्रूर, ते सभासदांनी ठरवावे.

काकांची हकीगत अर्धी राहिली. दिवाळीनंतर आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो आणि क्षमा मागितली. रेघांविषयी त्यांनी काही काढले नाही, आम्हीही नाही. छिद्र लहान कसे करावे, तेवढे मात्र कॅमेरा हातात घेऊन बोललो. संक्रांतीनंतरच्या रविवारी ते माडीवर आले आणि फोटो स्वतःच चिमट्याला लावला. तोच डबा, तीच भिंत. या वेळी फूल नव्हते, एक कळी होती. रेघा एकेक मोजता येत होत्या. कोणी काही बोलेना. मग ती मुलगी पुढे वाकून म्हणाली, "काका, डब्याची कडी चौकटीत कापली गेलीय." आमच्या छातीत धस्स झाले. काका उठले, चष्मा कपाळावर सरकविला, जवळ जाऊन पाहिले आणि म्हणाले, "हो की. परत काढतो."

पुढची बैठक नेहमीप्रमाणे दुसऱ्या रविवारी आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सकाळीच यावे, दहानंतर माडीवर ऊन येते. फोटो एकच आणावा, कागदावर छापलेला. चिमटे आमच्याकडे आहेत.